दगडाचं दूध

लुनाया गाईचं वासरू मेल्याचं गावाला कळलं, तेव्हा निम्मं गाव सोफ्रोनीबाबाच्या अंगणात गुडघे टेकून बसलं होतं.

बर्फ वितळून अंगणात घोटाभर चिखल झाला होता. मधोमध दगडी क्रूस. त्याच्या आडव्या हातावर खिळ्याची खूण कोरलेली होती आणि त्या खुणेतून दूध ठिबकत होतं. पांढरंशुभ्र नव्हे, पिवळसर आणि दाट. थेंब खालच्या तांब्याच्या भांड्यात पडला की सगळे छातीवर क्रूसाची खूण करत.

"बघा रे बाबांनो!" सोफ्रोनी हात पसरून म्हणाला. "गाय नाही, कास नाही, सड नाही, आणि दगडाला पान्हा फुटलाय! शिकलेल्यांना विचारा, हा दगड व्याला कधी आणि वार टाकली कधी!"

हशा पिकला. हसणाऱ्यांनी लगेच पुन्हा हात जोडले.

"मेलेली माणसं तहानलेली असतात. त्यांना दारू नको, पाणी नको. त्यांना हवं पहिलं दूध. गाय व्याली की तीन दिवसांचं दूध, वासराच्या जिभेला लागायच्या आत, इथे आणायचं. मी ते तुमच्या माणसांपर्यंत पोचवतो. ती माणसं काय कृतघ्न आहेत? ती दगडातून परत पाठवतात. ते वासराला पाजा. पण जन्मल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत! पाजलंत तर वासरू उड्या मारील. उशीर केलात, तर माझ्या नावानं बोंब मारू नका. आणि या दुधाला विस्तव दाखवायचा नाही. मेलेल्यांच्या जिभा भाजतात."

फाटकाशी डॉक्टर लेओंतिन उभे होते. ते गुरांचे डॉक्टर. जिल्ह्याच्या संशोधन केंद्रात त्यांची सगळी नोकरी एका प्रश्नात गेली होती: वासरं पहिल्या पंधरवड्यात का मरतात? उत्तर त्यांना सापडलं होतं, छापूनही आलं होतं, परदेशातल्या लोकांनी पत्रं पाठवून वाखाणलं होतं. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या या माहेरगावी येऊन राहिले आणि गेल्या शरदात बायको, झमफिरा, वारली. या गावात आजवर कोणी त्यांचा हात धरून "डॉक्टर, वाचवलंत" म्हणालं नव्हतं. सोफ्रोनीच्या हाताचे मात्र मुके घेत होते. हा सोफ्रोनी केंद्राच्या गाडीवर ड्रायव्हर होता. डॉक्टरांची बॅग उचलायचा.

आणि आज त्याच्या अंगात मेंढीच्या कातड्याची बंडी होती. काळी कड, छातीवर लाल-हिरव्या लोकरीची वेलबुट्टी. डॉक्टरांना तो टाका लांबूनही ओळखू आला. झमफिरानं ती दोन हिवाळे बसून त्यांच्यासाठी भरली होती.

मेलेल्या माणसाच्या नावानं वस्तू दान करायची इथली रीत आहे. "काय न्यायचं ते ने, मला दाखवू नकोस," असं त्यांनीच मेहुणीला, अग्लायाला, सांगितलं होतं. अग्लायानं बंडी नेली आणि ती कुठे पोचली हे आता दिसत होतं.

अग्लाया पहिल्याच रांगेत होती. हातात दगडाच्या दुधाची बाटली, नुकती मिळालेली. रांगेत तिची बाबाला द्यायच्या भेटीची टोपली हलकी, म्हणून लुनाया व्याल्यावर तिसऱ्या दिवशी नंबर लागला, तोही बंडी दिल्यावर.

"अग्लाया," डॉक्टर म्हणाले, "घरी चल. लुनायाचं वासरू गेलं."

सगळ्या माना वळल्या. अग्लायाचा चेहरा राखेसारखा झाला. बोलला मात्र सोफ्रोनी.

"मला कळलंच होतं. काल झमफिरा आली होती. तहानलेली. म्हणाली, बहिणीच्या अंगणावर अविश्वासाची सावली आहे." त्यानं डोळे मिटले. "कोणाची ते मी नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरज नव्हती. शंभर डोळे डॉक्टरांवर होते. त्यांना त्या डोळ्यांचं काही वाटलं नाही. त्यांच्या काळजात दुसराच काटा गेला. झमफिरा जाऊन सहा महिने झाले, ती एकदाही त्यांच्या स्वप्नात आली नव्हती. आणि ती या माणसाकडे येते?

*

इथे गाय व्याली की चिकाचा कोरास्ता करतात. आपला खरवसच, फक्त भट्टीत भाजलेला. शेजारच्या दारी वाटी पाठवतात, घरातल्या मेलेल्यांच्या नावानं. रीत जुनी आणि चांगली. पण जुन्या बायका आधी वासराला पोटभर पाजत आणि उरलेल्याचा कोरास्ता करत. सोफ्रोनीनं फक्त क्रम उलटा केला. आधी मेलेल्यांना, वासराला तोवर रानफुलांचा काढा. शिवाय त्यानं वेळ अचूक साधली होती. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास चालू होता. सात आठवडे दूध, लोणी, अंडं कोणी तोंडात घालत नाही. घरात कोरास्ता होणारच नव्हता, मग चीक दान करायला कोणाचं काय जातं? आणि दगडाचं दूध तरी कोण चाखून बघणार?

"भावजी, मला काही सांगू नका," घरी आल्यावर अग्लाया म्हणाली. बाटली तिनं गोठ्यामागच्या बर्फात खुपसून ठेवली. "लुनायाच्या वेळी उशीर झाला. विनेरिका व्यायची आहे. तिच्या वासराला ही बाटली वेळेवर मिळेल."

विनेरिका ही लुनायाचीच कालवड, पहिलटकरीण. दोन्ही झमफिराच्या गाई. जाताना तिनं बहिणीला सोपवलेल्या. लुनाया आता म्हातारी झाली होती, पुन्हा गाभण राहायची आशा नव्हती. विनेरिकेचं वासरू गेलं तर वंश तिच्या एकटीवर लटकत राहिला असता.

"विनेरिकेचं दूध विनेरिकेच्या वासराला पाज. बाटली लागणार नाही."

"आणि माझी बहीण तहानलेली राहू दे?"

डॉक्टर तिथून निघाले. पण एक गोष्ट डोक्यात घोळू लागली. जन्मल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. जन्मभर ते हेच ओरडून सांगत आले होते: वासराला चीक पहिल्या दिवशीच मिळाला पाहिजे, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. दगडाला हा नियम कुठून कळला?

दुसऱ्या दिवशी ते खिशात आपली नळी घेऊन सोफ्रोनीच्या अंगणात गेले. छोट्या दुर्बिणीसारखी असते ती. टोकाच्या काचेवर थेंब टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची, आतली निळी सावली कुठल्या आकड्यावर थांबते त्यावरून चीक किती कसदार ते कळतं.

"एक थेंब हवाय," ते म्हणाले.

"एक का, घागरभर घ्या, डॉक्टरसाहेब!" सोफ्रोनी गर्दीकडे वळून म्हणाला. "दगड कंजूष नाही. कंजूष माणसं असतात."

डॉक्टरांनी नळी डोळ्याला लावली. सावली त्याच आकड्यावर थांबली होती, जिथे ती फक्त चिकाला थांबते.

"लोकहो, हा चीक आहे. तुमच्याच गाईंचा. दगडाबिगडाचा काही संबंध नाही. कॉस्ताकेल, ये, तूच बघ."

म्हातारा कॉस्ताकेल पुढे आला. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"काय दिसतंय?"

"निळं दिसतंय."

"आभाळाकडे धरलीस तर निळंच दिसणार, गाढवा!" कोणीतरी ओरडलं आणि अंगण खदखदलं.

"आकडा बघ, आकडा!"

"आकडे लॉटरीवाला पण दाखवतो, डॉक्टर," युदोकिया नावाची जाडजूड बाई म्हणाली. तिचं वासरू बाबाच्या बाटलीनं जगलं होतं. "माझं वासरू गोठ्यात उड्या मारतंय. ते तुमच्या नळीत बसतंय का?"

डॉक्टरांनी नळी पुसून खिशात घातली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. फाटकापर्यंत सोफ्रोनी त्यांना पोचवायला आला, खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना दिसेल असा. पण बोलला हळू.

"साहेब, मी नवीन काय सांगतो? तुमचंच सांगतो. तुम्ही खेडोपाडी भाषणं द्यायचात ना, तेव्हा त्या सभागृहात झोप न लागलेला मी एकटाच होतो. शेवटच्या बाकावर, गाडीची किल्ली हातात घेऊन."

"मग खरं का नाही सांगत?"

"खरं तुम्ही सांगितलंत. कोणी ऐकलं?" त्यानं बंडीची कड सारखी केली. "मी दगडाकडून वदवलं. आता ऐकतात."

त्या संध्याकाळी डॉक्टरांना जेवण गेलं नाही. हा माणूस लबाड आहे याचं त्यांना दुःख नव्हतं. आपण मांडलेलं सत्य, आपल्या बायकोची बंडी, आपल्या बायकोचं नाव, सगळं अंगावर घालून हा देव झाला, आणि आपण खिशात नळी घेऊन वेडे ठरलो. रागाला निदान तोंड असतं. हा मत्सर होता आणि तो मुकाट्यानं जाळत होता.

*

विनेरिका व्याली ती ईस्टरच्या आठवडाभर आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी. वासरू अंगानं बारीक, मादी. कान गार, पाय लटपटत होते. डॉक्टरांनी ते गवताच्या बोळ्यानं खसाखसा पुसलं, नाकातोंडातला चिकटा काढला, नाळेला औषध लावलं. पाठीमागे धारेचा आवाज आला. अग्लाया चरवीत चीक काढत होती, वासराकडे पाठ करून.

"पाज तिला, अग्लाया."

"आणते ना बाटली. दगडाचं पाजते."

ती बर्फातून बाटली काढून स्वयंपाकघरात गेली. चरवीही बरोबर नेली, फडक्यानं झाकून. डॉक्टर मागोमाग गेले. बाटलीतलं दूध बर्फासारखं गार होतं. थरथरत्या वासराला असं कसं पाजायचं? अग्लायानं ते पातेल्यात ओतलं, क्षणभर घुटमळली, मग पातेलं चुलीच्या लोखंडी पत्र्यावर अगदी कडेला ठेवलं.

"विस्तवावर नाही हं ठेवलं," ती म्हणाली, डॉक्टरांना की स्वतःला कोण जाणे. "नुसतं कोमट करते."

"चरवीत ऊन ऊन दूध आहे! गाईच्या अंगातून आत्ता निघालेलं! ते सोडून..."

"ते झमफिराचं आहे!"

"झमफिरा मेली, अग्लाया."

"मला सांगता? मी न्हाऊ घातलं तिला. तुम्ही दाराबाहेर उभे होतात, भिंतीकडे तोंड करून."

"ती दूध पीत नाही. कोणाकडे येत नाही. सोफ्रोनीकडे तर नाहीच नाही."

"तुमच्याकडे येत नाही म्हणून!" अग्लाया तडकली. "त्याच्याकडे येते, तुमच्याकडे येत नाही, म्हणून जळता तुम्ही! माणूस विधुर झाला तरी सवतीसारखा जळतोय!"

डॉक्टर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "हो. जळतोय. रोज झोपताना वाटतं, आज येईल. येत नाही. आणि तो टगा सांगतो, काल आली होती. माझं सोड. पण अग्लाया, ती, तुझी बहीण, आली असती, तर तिनं दूध मागितलं असतं की आधी विचारलं असतं, वासरू प्यालं का?"

अग्लाया रडू लागली. पदरासारखा डोक्याचा रुमाल तोंडाशी धरून उभी राहिली. गोठ्यातून विनेरिका हंबरत होती. तेवढ्यात अग्लायाला पातेल्याची आठवण झाली आणि ती चुलीकडे धावली.

तिनं पातेलं उचललं. तिरकं केलं. दूध हललं नाही.

तिनं डाव घातला. डाव उभा राहिला. कडेला पिवळट पाणी सुटलं होतं आणि मधे पांढरी, जाळीदार, मऊ वडी थिजली होती. स्वयंपाकघरात वास दरवळला. त्या गावातल्या कुठल्याही बाईनं तो झोपेतही ओळखला असता.

"भावजी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हा कोरास्ता झालाय."

"दगडाच्या दुधाचा?"

"चेष्टा करू नका. साध्या दुधाचासुद्धा होत नाही. दूध उतू जातं. असा थिजतो तो फक्त चीक." ती पातेल्याकडे बघत राहिली. "म्हणूनच विस्तव दाखवू नका म्हणायचा मेला!"

मग तिनं जे केलं त्यात एक क्षण गेला नाही. झाकलेली चरवी उचलली आणि गोठ्याकडे पळाली. डॉक्टर पोचेपर्यंत तिनं चिकात दोन बोटं बुडवून वासराच्या तोंडात घातली होती. वासरू चुटूचुटू चोखू लागलं, शेपटी हलली.

"पी, बये, पी," अग्लाया म्हणत होती. "तुझंच आहे. तुझंच होतं."

*

रविवारी प्रार्थना संपवून, हातात, इकडे झावळ्यांऐवजी धरतात त्या, विलोच्या फांद्या घेऊन लोक नेहमीप्रमाणे सोफ्रोनीच्या अंगणात आले. अग्लाया आधीच उभी होती. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात मुरांबे घालायची गॅसची शेगडी. डॉक्टर तिच्या मागे. आज बोलायचं नाही, असं तिनं त्यांना बजावलं होतं.

तिनं क्रूसाखालच्या भांड्यातलं दूध पातेल्यात घेतलं आणि शेगडी पेटवली.

"पाप! पाप!" सोफ्रोनी धावत आला. "मेलेल्यांच्या जिभा भाजतील!"

"माझ्या बहिणीची जीभ मला ठाऊक आहे. भाजली तर अशी शिवी देईल की चार गावांना ऐकू येईल. थांबू आणि ऐकू."

काही बायका हसल्या. मग सगळ्या पुढे सरकल्या, कारण स्वयंपाकाकडे बघायचं नाही हे कुठल्याच धर्मात लिहिलेलं नाही. शिवी काही ऐकू आली नाही. दूध मात्र थिजलं. अग्लायानं पातेलं उपडं केलं. थेंब पडला नाही.

युदोकियानं नाक पुढे केलं. वास घेतला. तिचा चेहरा बदलला.

"अगं बाई, हा तर कोरास्ता!"

"दगडाचं दूध आहे, थिजणारच," सोफ्रोनी म्हणाला, पण त्याचा आवाज पातळ झाला होता.

आता डॉक्टर क्रूसामागे गेले. पेंढा बाजूला केला. क्रूसाच्या पाठीत भोक पाडलेलं, त्यात रबरी नळी, नळी पेंढ्याखालून भिंतीपर्यंत आणि भिंतीतून कोठारात. कोठाराच्या फळीवर दुधाचा कॅन, तोटी अर्धवट उघडी. शेजारी मोठा फ्रीझर घुरघुरत होता. झाकण उघडल्यावर आत बाटल्या आणि बरण्या, तोंडापर्यंत भरलेल्या. दृष्ट लागू नये म्हणून या गावात प्रत्येक बाई दुधाच्या बरणीला लाल दोरा बांधते, आणि प्रत्येकीची गाठ वेगळी.

युदोकियानं एक बरणी उचलली. "ही माझी गाठ आहे," ती म्हणाली. "हे मी माझ्या आईच्या नावानं दिलं होतं." मग तिनं सोफ्रोनीकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"वासरं जगली की नाही?" तो ओरडला. "खोटं असेल तर सांगा! तुझंच जगलं, युदोकिया!"

प्रश्न खरा होता. अग्लायानं डॉक्टरांकडे बघून मान डोलावली.

"जगली," डॉक्टर म्हणाले. त्यांनी आज खिशातली आपली नळी काढली नाही. "का जगली ते ऐका. माणसाचं मूल पोटात असताना आईच्या रक्तातून रोगाशी लढायची ताकद घेतं. वासराला ती पोटात मिळत नाही. ते रिकाम्या हातानं जन्माला येतं. गाय ती ताकद चिकात भरून ठेवते. वासराच्या आतड्याचं दार त्यासाठी उघडं असतं, पण एकच दिवस. मग ते बंद होतं आणि नंतर चिकानं आंघोळ घातलीत तरी उपयोग नाही. यानं तुमच्याकडून चीक घेतला, म्हणून वासरं मरायला लागली. ज्याची टोपली जड, त्याला तोच चीक त्याच दिवशी परत दिला, ती जगली. ज्याची हलकी, त्याला उशिरा दिला, ती मेली आणि खापर फुटलं तुमच्या पापावर. वाचवलं चिकानं. मारलं यानं."

"मग हे आम्हाला आधी सांगायचं नाही का?" कॉस्ताकेल चिडून म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडे वळले, पण अग्लाया पुढे झाली.

"सांगितलं होतं रे," अग्लाया म्हणाली. "तू झोपला होतास."

सोफ्रोनीला कोणी मारलं नाही. बायकांनी आपापल्या गाठी ओळखून बरण्या नेल्या. अग्लाया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात पुढे करून, आणि त्यानं निमूटपणे बंडी उतरवून तिच्या हातात ठेवली. जाताना युदोकिया मात्र डॉक्टरांना म्हणाली, "काही म्हणा, बोलायचा गोड." डॉक्टरांना ते झोंबलं. अजूनही झोंबतं.

पण एका गोष्टीनं त्यांना शांत झोप लागली. झमफिरा त्यांच्याकडे येत नाही, ती कोणाकडेच येत नाही. ती गेली आहे. ते दुःख निदान त्यांचं एकट्याचं होतं, त्यात कोणी वाटेकरी नव्हता.

विनेरिकेच्या वासराला आठव्या दिवशी थोडी हगवण लागली, दोन दिवसांत थांबली. आता ते कुंपण मोडतं.

मेलेल्यांच्या नावानं द्या, जरूर द्या. शेजाऱ्याच्या दारी कोरास्त्याची वाटी गेली तर त्यात वाईट काय? पण आधी वासराला पाजा. आणि कोणी सांगितलं की याला विस्तव दाखवू नका, हे चाखू नका, हे विचारू नका, तर आधी नेमकं तेच करा. जे खरं असतं त्याला चुलीची भीती नसते.

सोफ्रोनी त्याच आठवड्यात फ्रीझर गाडीत घालून डोंगरापलीकडच्या वरच्या खोऱ्यात गेला. तिथेही वाटेवर एक जुना दगडी क्रूस आहे, आणि तिकडच्या गाई उशिरा वितात. डॉक्टरांनी तिथे जायचं ठरवलं आहे, अग्लाया शेगडी घेऊन बरोबर येणार आहे. पण दोघांपैकी अजून कोणी गेलेलं नाही.